यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर कुठला घ्यावा? मल्टिमीटर, तराजू आणि तापमान नियंत्रक एकाच पीसीला जोडायचे आहेत

रीडिंगबहाद्दर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. प्रयोगशाळेतली तीन जुनी उपकरणं एका पीसीला जोडायची आहेत: एचपी ३४४०१ए मल्टिमीटर, मेटलर टोलेडोचा तराजू आणि लेक शोअर ३३१ तापमान नियंत्रक. तिन्हींच्या मागे आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) आहे. नव्या पीसीवर विंडोज ११ आहे आणि सिरियल पोर्ट एकही नाही. दर दोन सेकंदांनी तिघांचं एकेक रीडिंग पायथनमधून घ्यायचं आणि सलग दहा-बारा तास फाइलमध्ये लिहीत राहायचं, एवढंच काम.

दोन कन्व्हर्टर हाताशी आहेत. एक निळ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा, स्वस्तातला. त्यावर तराजू बोलतो, पण मल्टिमीटरकडून एक अक्षर येत नाही. दुसऱ्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि नावाच्या जागी 'पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाची ओळ दिसते.

प्रश्न असे: चिप कुठली घ्यावी? चार पोर्टचा एकच डबा बरा की तीन सुटे? नल मोडेम (आतल्या तारा उलटवणारी) केबल नक्की कोणाला लागते? आणि आयसोलेटेड (पीसी आणि उपकरण विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणाऱ्या) कन्व्हर्टरसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?


सोल्डरकाका:

चिपचं नंतर बघू. आधी साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि तिन्ही उपकरणांच्या मागच्या ९ पिनांच्या कनेक्टरवर मोजमाप घ्या. केबल कुठलीच लावू नका. उपकरण चालू असू द्या, पण ते काही पाठवत नसावं. काळी प्रोब ५ क्रमांकाच्या पिनेवर, ते ग्राउंड. लाल प्रोब आधी २ वर, मग ३ वर.

आरएस-२३२ मध्ये बोलणारी तार गप्प असताना ऋण असते. मानकाप्रमाणे −३ ते −१५ व्होल्ट, प्रत्यक्षात बहुधा −५ ते −१० दिसतं. ऐकणारी तार आतून साधारण ५ किलोओहमने ग्राउंडला बांधलेली असते, म्हणून ती शून्याजवळ दिसते. ऋण व्होल्टेज ३ वर दिसलं तर उपकरण पीसीसारखंच वायर केलेलं आहे, त्याला २-३ उलटवणारी म्हणजे नल मोडेम केबल लागेल. ऋण व्होल्टेज २ वर दिसलं तर सरळ केबल. मॅन्युअल हरवलं असलं तरी दोन मिनिटांत उत्तर मिळतं. कनेक्टरच्या आकारावरून अंदाज बांधू नका, आणि 'मोजणी यंत्र म्हणजे नल मोडेमच' हेही डोक्यातून काढा. कीथली २००० ला सरळ केबल लागते, नल मोडेम वापरू नका असं तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

एक सावधगिरी. फीमेल कनेक्टरवर पिनांचे क्रमांक मेलच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. छिद्रांशेजारी प्लॅस्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगातून वाचा. १ आणि ५ ची अदलाबदल हा या कामातला सगळ्यात जुना घोटाळा.

मग हीच तपासणी कन्व्हर्टरवर. पीसीला लावा, पोर्ट पुट्टी किंवा टेरा टर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये उघडा, आणि त्याच्या ५ च्या तुलनेत ३, ४ आणि ७ मोजा. ३ वर −५ किंवा त्याहून खाली हवं. ४ (डीटीआर) आणि ७ (आरटीएस), म्हणजे 'मी तयार आहे' असं सांगणाऱ्या तारा, पोर्ट उघडल्यावर +५ च्या वर जायला हवेत. शेवटी २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडून (याला लूपबॅक म्हणतात) काहीतरी टाइप करा. हँडशेक (पाठवण्याआधी समोरचा तयार आहे का ते बघणं) बंद आणि लोकल इको (टाइप केलेलं स्वतःच दाखवणं) बंद ठेवा. अक्षरं परत आली तर यूएसबीपासून पिनेपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

आकडे इथे टाका, मग पुढे बोलू.


डेटाशीट_आधी:

काकांचं मोजमाप होईपर्यंत चिपचं सांगतो.

तुमच्या उपकरणांच्या ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) वेगाचा प्रश्नच नाही, कुठलीही चिप पुरते. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: ड्रायव्हर किती वर्षं टिकेल, चिपला स्वतःचा अनुक्रमांक आहे का, आणि चिपच्या पुढे व्होल्टेज वाढवणारा आयसी बसवलाय का. तिसरी गोष्ट चिपच्या नावात दिसत नाही, आणि लोक बहुतेक तिथेच फसतात.

अनुक्रमांकाचं महत्त्व असं. विंडोज कॉम पोर्टचा (सिरियल पोर्टला विंडोजने दिलेलं नाव) नंबर अनुक्रमांकाला चिकटवतं. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपमध्ये ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी मेमरी) आतच असते आणि प्रत्येक नगाचा अनुक्रमांक वेगळा. कुठल्याही यूएसबी सॉकेटमध्ये लावा, कॉम ७ हा कॉम ७ च राहतो. सीएच३४०जीला अनुक्रमांकच नसतो, त्यामुळे नंबर सॉकेटवर ठरतो. झाडलोट करताना कोणी दोन केबल्सची अदलाबदल केली की प्रोग्रॅम तापमान नियंत्रकाला वजन विचारत बसतो. सीपी२१०२ ला अनुक्रमांक असतो, पण प्रोग्रॅम न केलेल्या नगांवर तो सरसकट ०००१ असतो. असे दोन एकाच पीसीला लावले की गोंधळ झालाच. सिलिकॉन लॅब्जच्या साधनाने बदलता येतो, पण ते बदलायला हवं हे माहीत असायला लागतं.

तुमचा पिवळा त्रिकोण: पीएल२३०३ बनवणाऱ्या प्रोलिफिक कंपनीने जुन्या एचएक्सए आणि टीए चिपांना नव्या ड्रायव्हरमधून मुद्दाम वगळलंय. बनावट नगांना आळा घालायचा हेतू होता, पण मूळ जुने नगही त्यातच सापडले. ३.३.२.१०५ ही २००८ ची आवृत्ती हाताने निवडली तर तो बऱ्याचदा चालतो. पण विंडोज अपडेट एखाद्या रात्री नवी आवृत्ती परत चढवेल आणि बारा तासांची नोंद सकाळी रिकामी सापडेल. टाकून द्या. प्रोलिफिकच्या नव्या चिपांना (पीएल२३०३जीसी वगैरे) हा त्रास नाही.

एफटीडीआयच्या नकलाही भरपूर आहेत. २०१४ मध्ये कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून त्या निकामी केल्या होत्या. आरडाओरडा झाला आणि तो ड्रायव्हर अपडेटमधून मागे घ्यावा लागला. पुढच्या एका आवृत्तीत नकली चिप खऱ्या डेटाऐवजी 'हे अस्सल उपकरण नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पाठवू लागली. उपकरणाच्या उत्तरात अशी ओळ दिसली तर उपकरणाला दोष देऊ नका. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला सुटा कन्व्हर्टर घेताना 'एफटीडीआय' एवढ्या शब्दावर जाऊ नका. अधिकृत वितरकाकडून बिलासकट घ्या, नाहीतर एफटीडीआयच्याच यूएस२३२आर जातीची तयार केबल घ्या.

एक मर्यादा सांगून ठेवतो: एफटी२३२आरला ७ आणि ८ डेटा बिटच जमतात, ५ आणि ६ नाहीत. टेलिप्रिंटर जोडणार नसाल तर बिघडत नाही.


लिनक्सवाला:

एफटीडीआयचा एवढा उदोउदो कशाला? लिनक्सवर सीपी२१०२एन आणि सीएच३४० दोन्ही निमूट चालतात, आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. अनुक्रमांक नसला तरी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी यंत्रणा) नियम सॉकेटच्या मार्गावरून लिहिता येतो. डेव्ह फोल्डरात सिरियलच्या खाली बाय-पाथ आणि बाय-आयडी असे दोन उपफोल्डर असतात. प्रोग्रॅममध्ये टीटीवाययूएसबी० लिहिण्याऐवजी तिथलं नाव लिहा.


डेटाशीट_आधी:

धागाकर्ते विंडोजवर आहेत. आणि लिनक्सवर 'निमूट' म्हणताना तीन गोष्टी राहिल्या. मोडेममॅनेजर चालू असेल तर नवा पोर्ट दिसताच तो त्यावर एटी आज्ञा पाठवून हा मोडेम आहे का ते चाचपतो. तराजूला ते कळत नाही आणि तो चूक-संदेश परत देतो. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय सीएच३४० चा पोर्ट बळकावतो, तो काढून टाकेपर्यंत पोर्ट दिसतच नाही. आणि २०१६ च्या आधीच्या कर्नलमधल्या सीएच३४१ ड्रायव्हरला (सीएच३४० साठीही तोच) पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारा जादा बिट, जमत नव्हती. लेक शोअर ३३१ ला ७ डेटा बिट आणि विषम पॅरिटी लागते. जुन्या औद्योगिक पीसीवर हे कोणी करत असेल तर डोकं आपटत बसेल.


लिनक्सवाला:

मान्य. मोडेममॅनेजरचं खरंच विसरलो. मोजमापाच्या मशीनवरून तो काढूनच टाकावा.


अर्थिंग_तपासा:

आयसोलेशनबद्दल. तुमच्या तीनपैकी कोणाला त्याची खरी गरज आहे ते बघा.

३४४०१ए ची मोजणारी टर्मिनल्स चासिसपासून आतच वेगळी आहेत. आरएस-२३२ चं ग्राउंड अर्थकडे जातं, टर्मिनल्सकडे नाही. त्यामुळे मोजमापाच्या अचूकतेसाठी बाहेरून आयसोलेशन नको. जिथे दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेट पट्ट्यांवर किंवा वेगवेगळ्या फेजवर आहेत, किंवा जवळ व्हॅक्यूम पंप आणि कॉन्टॅक्टर आहेत, तिथे मात्र हवं. पंप सुरू होताना अर्थच्या तारेतला धक्का सिरियलच्या ग्राउंडमधून पीसीत शिरतो, यूएसबी रीसेट होतो, पोर्ट गायब होतो आणि लगेच परत येतो. प्रोग्रॅमच्या हातात मात्र मेलेल्या पोर्टचा हँडल राहतो.

त्याहून मोठा धोका लॅपटॉपचा. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपचं ग्राउंड चार्जरमधल्या वाय कपॅसिटरमुळे तरंगत असतं. अर्थच्या तुलनेत मल्टिमीटरने मोजलं तर शंभरेक व्होल्ट एसी सहज दिसतात. करंट अगदी थोडा, माणसाला फार तर मुंग्या येतात. पण कनेक्टर खुपसताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली तर तो सगळा धक्का उपकरणाच्या रिसीव्हर आयसीतून जातो. ९ पिनांच्या कनेक्टरमध्ये ग्राउंडची पिन इतरांपेक्षा लांब नसते. म्हणून तीन पिनांचा चार्जर, खरोखर अर्थ असलेलं सॉकेट, आणि सिरियल केबल दोन्ही टोकांना बसल्यावरच वीज. प्रयोगशाळेच्या सॉकेटला अर्थ आहेच असं धरून चालू नका, फेज ते अर्थ व्होल्टेज मोजा. साधारण २३० यायला हवं.

आयसोलेशन कुठे घालायचं हाही प्रश्न आहे. एडीयूएम४१६० वर आधारलेला यूएसबी आयसोलेटर साध्या कन्व्हर्टरच्या आधी लावता येतो. त्याचा वेग १२ मेगाबिटपर्यंतच असतो, पण हे कन्व्हर्टर त्याच वेगाचे असतात, त्यामुळे अडत नाही. पुढे वीज देणारा छोटा १ वॅटचा कन्व्हर्टर म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर, एका सिरियल कन्व्हर्टरला भरपूर. चार पोर्टच्या डब्याआधी असा एकच आयसोलेटर लावला तर पीसी सुटतो, पण चार उपकरणांची ग्राउंड्स डब्यात एकमेकांना बांधलेलीच राहतात. जाहिरातीतल्या 'आयसोलेटेड' शब्दाचा अर्थ नेमका हा आहे का, ते विकत घेण्याआधी विचारा. पोर्ट ते पोर्ट आयसोलेशन ही वेगळी आणि महाग चीज.


रीडिंगबहाद्दर:

सगळ्यांचे आभार. मोजमापं:

मल्टिमीटर: ३ वर −९.१, २ वर ०.
लेक शोअर: ३ वर −८.४, २ वर ०.
तराजू: २ वर −६.२, ३ वर ०.
निळा कन्व्हर्टर, पोर्ट उघडा: ३ वर ०.०, ४ वर ०.०, ७ वर ०.०. लूपबॅक मात्र चालतो! अक्षरं परत येतात.

मग हा चांगला की वाईट? सॉकेटला अर्थ आहे, २३४ व्होल्ट. पीसी डेस्कटॉप आहे, तीन पिनांचा.


सोल्डरकाका:

तुमचा निळा कन्व्हर्टर आरएस-२३२ चा नाहीच, नुसता वेष घेतलाय. आत चिप आहे आणि तिचं ५ व्होल्टचं सिग्नल एखाद्या ट्रान्झिस्टरने उलटवून बाहेर काढलंय. म्हणून तो ० आणि ५ व्होल्टमध्ये हलतो, ऋण कधीच जात नाही. ४ आणि ७ ला तर बहुधा तारच जोडलेली नाही.

तरी तराजू का चालला? मॅक्स२३२ सारख्या रिसीव्हरचा प्रत्यक्ष उंबरठा मानकातल्या ±३ वर नसून ०.८ ते २.४ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी असतो. शून्य त्याच्या खाली, पाच त्याच्या वर, म्हणून दीड मीटर केबलवर काम भागलं. लूपबॅक चालला कारण कन्व्हर्टर स्वतःचंच ऐकतो, त्याला स्वतःची भाषा कळणारच. लूपबॅकवर एकट्यावर विसंबू नये ते यासाठी. लांब केबल, गोंगाट, किंवा मानक काटेकोर पाळणारा रिसीव्हर आला की हा गळपटेल.

तुमचा मल्टिमीटर गप्प आहे त्याची कारणं एकावर एक रचलेली आहेत.

पहिलं, त्याला उलटी केबल लागते, ३ वरच्या −९.१ ने तुम्हीच ते सिद्ध केलंत.

दुसरं, ३४४०१ए डीटीआर-डीएसआर हँडशेक वापरतो, जो बहुतेक लोक विसरलेत. प्रत्येक अक्षर पाठवण्याआधी तो आपली ६ क्रमांकाची पिन, डीएसआर, धन आहे का बघतो. ती धन नसेल तर रीडिंग तयार असूनही तोंड उघडत नाही. तुमच्या निळ्याच्या ४ वर काहीच येत नाही, म्हणजे केबल बरोबर असती तरी तो गप्पच बसला असता.

केबल अशी करा: पीसीकडची पिन २ मल्टिमीटरच्या पिन ३ ला, पीसीची ३ मल्टिमीटरच्या २ ला, ५ ला ५, पीसीची ४ मल्टिमीटरच्या ६ ला, पीसीची ६ मल्टिमीटरच्या ४ ला. बाजारातली 'फुल हँडशेक' नल मोडेम केबल हेच करते, वर ७ आणि ८ पण उलटवते. इथे त्याने नुकसान नाही. मात्र 'शॉर्टकट' नल मोडेम केबल घेऊ नका, जिच्या प्रत्येक टोकाला ४ आणि ६ तिथल्या तिथे जोडलेल्या असतात. इतर उपकरणांना ती चालते, या मीटरला फास बसतो. प्रश्न मिळाला आणि उत्तर द्यायचं असलं की मीटर स्वतःची ४ खाली पाडतो, 'आता मी बोलतोय, थांबा' या अर्थाने. ४ आणि ६ जोडलेल्या असतील तर स्वतःचीच ६ पडते, आणि तो 'समोरचा तयार नाही' म्हणून थांबतो. स्वतःच स्वतःची वाट बघत बसतो.

तिसरं, सेटिंग. कारखान्यातून हा मीटर जीपीआयबीवर (पीसीला जोडायचा त्याचा दुसरा इंटरफेस) ठेवलेला येतो. समोरच्या पॅनेलवरून आय/ओ मेन्यूत जाऊन इंटरफेस आरएस-२३२ करा. बॉड ९६००, पॅरिटी सम आणि ७ बिट असं मूळ सेटिंग असतं. स्टॉप बिट कायम २, ते बदलता येत नाहीत. पीसीकडे ९६००, ७, सम, २ लावा.

चौथं, मापन सुरू करण्याआधी त्याला रिमोटमध्ये न्यावं लागतं. आज्ञा: एस-वाय-एस-टी, कोलन, आर-ई-एम. नाहीतर चूक क्रमांक ५५० येतो, म्हणजे लोकलमध्ये असताना ही आज्ञा चालत नाही. जीपीआयबीवर लिहिलेला जुना प्रोग्रॅम सिरियलवर आणणारे सगळे इथे अडखळतात, कारण तिकडे हे आपोआप होतं.

आणि पुट्टीत हाताने तपासताना एंटर दाबल्यावर फक्त कॅरेज रिटर्न जातो, मीटरला लाइनफीड हवा (ही दोन्ही ओळ संपल्याची अदृश्य अक्षरं). कंट्रोल-जे दाबा.

लेक शोअरलाही उलटी केबल. ९६००, ७ बिट, विषम पॅरिटी, १ स्टॉप, शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड. हँडशेक नाही, म्हणून तीन तारा पुरतात. सेकंदाला २० पेक्षा जास्त आज्ञा मारू नका, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. तराजूला सरळ केबल. ३ मीटरपर्यंत काळजी नको. आरएस-२३२ ला १५ मीटर हा जुना ठोकताळा आहे, यूएसबी केबलला ५ मीटर. अंतर जास्त असेल तर लांबी सिरियलच्या बाजूला द्या, यूएसबीच्या नको.


डेटाशीट_आधी:

काकांनी केबलचं संपवलंच. मग खरेदी ठरली: तीन सुटे एफटीडीआयचे कन्व्हर्टर, ज्यांत खरे आरएस-२३२ लेव्हल आहेत. 'यूएसबी टू टीटीएल' लिहिलेलं बोर्ड चुकून घेऊ नका. ते ३.३ किंवा ५ व्होल्टचं असतं, तर्क उलटा असतो, आणि समोरून −९ आले तर चिप जळू शकते.

चार पोर्टचा एफटी४२३२एचवाला डबा वाईट नाही, एक यूएसबी आणि नीटनेटकी मांडणी. पण यूएसबीचा एक धक्का बसला की चारही पोर्ट एकदम जातात. सुट्या तिघांत एक पडला तर दोघांची नोंद चालू राहते. बारा तासांच्या कामाला मी सुटेच घेईन, आणि बाहेरून वीज घेणारा यूएसबी हब.

बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजर, पोर्टचे गुणधर्म, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथे दोन गोष्टी. कॉम नंबर पक्का करा, उदाहरणार्थ ५, ६, ७, आणि तोच नंबर कन्व्हर्टरवर लेबलने चिकटवा. ९ च्या वर जाऊ देऊ नका, काही जुनी सॉफ्टवेअर दोन अंकी नंबर उघडतच नाहीत. हवा तो नंबर 'वापरात' दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा आणि मेलेल्या कन्व्हर्टरांच्या नोंदी पुसा.

दुसरी गोष्ट लेटन्सी टायमर. मूळ १६ मिलिसेकंद असतो. चिप ६२ बाइट जमेपर्यंत किंवा टायमर संपेपर्यंत डेटा पुढे ढकलत नाही, त्यामुळे छोट्या उत्तराला १६ मिलिसेकंदांपर्यंत उशीर होतो. तुमच्या दोन सेकंदांच्या चक्राला हे नगण्य. ३४४०१ए चं १७ अक्षरांचं उत्तर, दर अक्षराला ११ बिट, ९६०० वर तारेतच १९.५ मिलिसेकंद घेतं. पुढेमागे मॉडबस (औद्योगिक उपकरणांची बोलण्याची पद्धत) जोडलंत किंवा सेकंदाला ५० प्रश्न विचारायचे झाले तर टायमर १ वर आणा. आता हात लावू नका.

खरा उशीर मीटरच्या आत असतो. मूळ सेटिंगमध्ये तो १० पॉवर लाइन सायकल (विजेची आवर्तनं) इंटिग्रेट करतो, ५० हर्ट्झवर २०० मिलिसेकंद. ऑटोझिरो चालू असेल तर दुप्पट. कोणी १०० सायकल लावल्या तर ४ सेकंद, आणि तुमचं दोन सेकंदांचं चक्र कोसळलं. पायसिरियलचा (पायथनची सिरियल पोर्टसाठीची लायब्ररी) टाइमआउट या आकड्याच्या वर ठेवा. टाइमआउट झाला म्हणून लगेच दुसरा प्रश्न पाठवलात तर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर लागेल, आणि पुढची सगळी फाइल एका ओळीने सरकलेली असेल. चूक दिसत नाही, कारण आकडे खरे वाटतात. टाइमआउटनंतर आधी इनपुट बफर रिकामा करा, मग पुढे जा.

मीटरचा पोर्ट उघडताना पायसिरियलमध्ये डीएसआरडीटीआर ट्रू ठेवा, विंडोजवर ते चालतं. लिनक्सवर त्याचा भरवसा नाही. तिथे एक प्रश्न, पूर्ण उत्तर, मग पुढचा प्रश्न ही शिस्त पाळली आणि आज्ञा १०० अक्षरांच्या आत ठेवल्या तरी निभावतं.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी बंद करू दे' ही खूण काढा. स्लीपही बंद. रात्री दोनला पोर्ट झोपतो तो यामुळे.


अर्थिंग_तपासा:

पोर्ट पडला तर प्रोग्रॅमने तो बंद करून, दोन सेकंद थांबून, पुन्हा उघडावा. मीटरला रिमोटची आज्ञाही परत द्यायची, कारण मधल्या वेळात त्याची वीज गेली असेल तर तो लोकलमध्ये उठतो. यूएसबीच्या केबलवर चिमट्याचा फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) लावा, स्वस्त आहे. आयसोलेटर आत्ता घेऊ नका. तीन पिनी डेस्कटॉप, अर्थ ठीक, एकच टेबल: तीन उपकरणं आणि पीसी एकाच पट्टीवर घ्या. पंप आला तर त्याला वेगळी पट्टी आणि तेव्हा विचार करा.


लिनक्सवाला:

डेस्कटॉपच आहे तर पीसीआय एक्स्प्रेसचं चार पोर्टचं सिरियल कार्ड का नको? खरे पोर्ट, कॉम नंबर हलत नाहीत, यूएसबीची कटकट नाही. काही जुनी डॉसची सॉफ्टवेअर तर थेट ३एफ८ या पहिल्या सिरियल पोर्टच्या जुन्या पत्त्याशीच बोलतात, त्यांना यूएसबी कन्व्हर्टर कधीच दिसत नाही.


सोल्डरकाका:

कार्ड उत्तमच, स्लॉट रिकामा असेल तर. कंसाची उंची बघून घ्या, छोट्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचा लागतो. आणि कार्डासोबतच्या ऑक्टोपस केबलला (एका टोकातून अनेक पोर्ट निघणारी) पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, दुसऱ्या कार्डाची केबल लावू नका.


रीडिंगबहाद्दर:

स्लॉट एकच आहे आणि त्यात नेटवर्क कार्ड आहे, म्हणून तीन कन्व्हर्टरच घेतो. एक शेवटचं. पीसी चालू करताना तराजूची केबल लावलेली असली तर कधी कधी माउसचा बाण स्क्रीनभर उड्या मारतो. व्हायरस आहे का?


डेटाशीट_आधी:

नाही. तुमचा तराजू आपणहून सतत वजन पाठवतोय. पोर्ट सुरू होताना विंडोज त्यावर कोणी सिरियल माउस आहे का ते चाचपतं, येणाऱ्या बाइट्स तशा वाटल्या की 'सिरियल बॉलपॉइंट' नावाचा माउस जोडून टाकतं, आणि वजनाचे आकडे बाणाच्या हालचाली होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत तो सापडेल, तो डिसेबल करा, पुसू नका, पुसला तर परत येतो. नव्या कन्व्हर्टरवर ॲडव्हान्स्डमध्येच 'सिरियल एन्युमरेटर' ची खूण काढून टाका.

आणि तराजूच्या मेन्यूत सतत पाठवणं बंद करून तो होस्टच्या आज्ञेवर ठेवा. एमटी-एसआयसीएसमध्ये (मेटलर टोलेडोच्या तराजूंचा आज्ञासंच) एस म्हणजे स्थिर झालेलं वजन, एसआय म्हणजे आहे ते तात्काळ. वारा लागून तराजू स्थिर होत नसेल तर एसला उत्तर उशिरा येतं किंवा येतच नाही. दोन सेकंदांच्या चक्राला एसआय वापरा, उत्तरातलं दुसरं अक्षर एस की डी ते फाइलमध्ये नोंदवा. डी असेल तर ते वजन हलतं होतं.


रीडिंगबहाद्दर:

यादीत बॉलपॉइंट सापडला, डिसेबल केला. कन्व्हर्टर आणि मीटरची फुल हँडशेक केबल मागवतो. लेक शोअरची तीन तारांची केबल घरीच सोल्डर करतो.


सोल्डरकाका:

सोल्डर झाल्यावर कंटिन्युइटी बीपरने तपासा: २ ते ३, ३ ते २, ५ ते ५, आणि शेजारच्या पिनांत शॉर्ट नाही ना. कनेक्टरचं झाकण लावल्यावर पुन्हा एकदा. झाकणाचा स्क्रू आवळताना तार चेमटून ५ ला टेकते.